मोगऱ्याच्या गावी, मदुराईला

सकाळचे सात वाजलेत आणि मदुराईच्या मट्टुतावणी फूलबाजारात माणसं चिखल तुडवत धावताहेत. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. आपल्याकडचा पाऊस कधीच परतला, पण तमिळनाडूत ईशान्य मोसमी पावसाचा मुक्काम अजून हललेला नाही. डोक्यावर ओल्या फडक्यातली गाठोडी घेऊन बायका बसमधून उतरतात, पुरुष स्कूटरच्या पायरीवर गोणपाट ठेवून येतात, आणि प्रत्येकाच्या गाठोड्यात एकच जिन्नस. मोगऱ्याच्या कळ्या.

फुलं नव्हेत, कळ्या! उमललेल्या फुलाला या बाजारात कुणी हात लावत नाही. पहाटे काळोखात खुडलेली टपोरी कळी त्याच संध्याकाळी उमलते. तेवढ्या वेळात तिने तोडणारीच्या ओंजळीतून आडत्याच्या तराजूत, तिथून खोक्यात, बसमध्ये, विमानात आणि शेवटी कुणाच्या तरी वेणीत पोचायचं. एकदा उमलली की तिची किंमत देवाजवळ असेल ती असेल, बाजारात नाही. त्यामुळे इथे मालाला गोदाम नाही, 'उद्या बघू' नाही. भाव सकाळी एक, दहा वाजता दुसरा. आणि एवढ्या ढिगाऱ्यांमध्ये उभं राहूनही आपण कल्पना करतो तसला घमघमाट नाही, कारण मिटलेली कळी आपला वास राखून ठेवते. तो सुटतो संध्याकाळी.

माझ्याबरोबर दुभाषे म्हणून एक रिक्षावाले होते. बरीच वर्षं धारावीत काढून ते गावी परतलेले. मी त्यांना अण्णा म्हणत होते आणि ते मला ताई. मुंबईच्या हिंदीत ते मध्येच 'बरोबर आहे' असं खणखणीत मराठी पेरत. त्यांनी दोन-तीन आडत्यांशी बोलून मला सांगितलं, की आजचा भाव किलोला हजाराच्या पुढे गेलाय. कार्तिगै महिना, लग्नाचे मुहूर्त आणि त्यातून थंडी-पावसाने कळी कमी झालेली.

या भावाचं गणित मोठं गमतीचं, म्हणजे आपल्याला गमतीचं, पिकवणाऱ्याला जीवघेणं. एप्रिल-मे-जूनमध्ये झाडं कळ्यांनी लगडतात, तेव्हा भाव कोसळतो. जुलैच्या मध्यापासून आडी महिना लागतो. त्या महिन्यात तमिळ घरांतून लग्नं होत नाहीत, म्हणजे मागणी आणखी घटली. आणि डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा झाड थंडीने आखडलेलं असतं, तेव्हा पोंगल येतो. काही वर्षी पोंगलच्या तोंडावर मदुराईच्या मल्लीने किलोला तीन हजारांचा पल्ला ओलांडलाय. झाडाला उन्हाळा आवडतो आणि बाजाराला थंडी. या दोघांच्या ओढाताणीत शेतकऱ्याचं घर चालतं.

बाजारातून बाहेर पडून वैगई नदीचा पूल ओलांडला, की आपण मीनाक्षी मंदिराकडे येतो. मंदिराभोवती चौकोनात चौकोन अशा रस्त्यांची रचना आहे आणि त्या रस्त्यांना तमिळ महिन्यांची नावं. आडी, चित्तिरै, आवणी मूल, मासी. या गल्ल्यांच्या कडेला गजरेवाल्या बसतात. सुई नाही, दोरा नाही. केळीच्या सोपटाचा ओला धागा पायाच्या अंगठ्यात किंवा डाव्या हाताच्या बोटांत अडकवायचा आणि दोन कळ्या इकडे, दोन कळ्या तिकडे ठेवून गाठ मारत जायचं. त्यांची बोटं पाहता पाहता आपली नजर मागे पडते. माप विचाराल तर 'मुळम्'. म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आता कोपर कुणाचं, तर विकणारीचं! उंच हातांच्या बाईकडून गजरा घ्यावा, एवढंच शहाणपण मी तिथे शिकले.

तमिळमध्ये मोगऱ्याला मल्ली म्हणतात. आपल्या संस्कृतातल्या मल्लिकेचंच हे रूप. मदुराईच्या मल्लीला 'गुंडुमल्ली' असंही नाव आहे. गुंडु म्हणजे गोल, गुबगुबीत. आपल्याकडचा बटमोगरा आठवा. पण गजरेवालीकडे आणखी दोन टोपल्या असतात. जातीमल्ली आणि मुल्लै. पहिली म्हणजे आपली चमेली, दुसरी जुई. सगळ्या एकाच कुळातल्या, पण मदुराईत पहिला मान मल्लीचा. पाकळ्या जाड, देठाची नळी लांब आणि वास टिकाऊ, ही तिची लक्षणं. २०१३ साली 'मदुराई मल्ली'ला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी कर्नाटकातल्या म्हैसूर, उडुपी आणि हडगलीच्या मल्लिगेला ते मिळालेलं होतं. मोगऱ्यावर हक्क सांगणारी शहरं आपल्याकडे कमी नाहीत.

देशाबाहेरही नाहीत. लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्याला पारिजातकाच्या घरात घातलं होतं. १७८९ मध्ये ते जास्मिनम कुळात आलं. नावातला 'सॅम्बॅक' हा शब्द अरबी-फारसी 'झंबक'वरून आलेला. फिलिपिन्सने १९३४ मध्ये याच फुलाला राष्ट्रीय फूल केलं, इंडोनेशियाने १९९० मध्ये. चीनमध्ये चहाची पत्ती सुगंधी करायला हाच मोगरा लागतो. दिवसा खुडलेल्या कळ्या रात्री उमलू लागल्या की त्या पत्तीत मिसळतात. एवढा फिरलेला हा प्राणी, पण बी मात्र जवळजवळ धरत नाही. म्हणजे तुमच्या गॅलरीतला मोगरा कुणाच्या तरी हातच्या फांदीचा, ती फांदी आणखी कुणाच्या हातची, असं मागे मागे जात राहतं.

भाव चढलाय आणि झाडं कापताहेत

मदुराईहून थेनीकडे जाणारा रस्ता नागमलै नावाच्या लांबलचक डोंगराच्या सोबतीने निघतो. या रस्त्यावर उसिलमपट्टीच्या अलीकडे अण्णांनी रिक्षा एका मळ्याशी थांबवली. लाल माती. सव्वा सव्वा मीटरवर झुडपं, सरळ रांगांत. एकरभराचं क्षेत्र असेल. त्याच्या अर्ध्या भागात झुडपं हिरवीगार होती. उरलेल्या अर्ध्यात नुसते बुडखे! एक गृहस्थ सिकेटर घेऊन झाडामागून झाड कापत निघाले होते आणि त्यांच्या मागे त्यांची पत्नी कापलेल्या झाडावरची उरलीसुरली पानं हाताने ओरबाडून काढत होती.

सकाळी बाजारात हजाराचा भाव ऐकून आलेल्या माणसाला हे दृश्य चमत्कारिक वाटणारच. मी विचारलं, "अक्का, भाव चढलाय आणि तुम्ही झाडं कापताय?"

अण्णांनी भाषांतर केलं. बाईंनी पानं काढता काढताच उत्तर दिलं, "आत्ता कापलं नाही तर मार्चमध्ये काय तोडू?"

मोगऱ्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटव्याच्या टोकाला. जुन्या लाकडाला नाही. टोकाला तीन कळ्यांचा झुबका येतो. त्यातली मधली आधी उमलते, मग शेजारच्या. ती फुलं झाली की त्या फांदीचं काम संपलं. आता खालून नवे फुटवे यायला हवेत, आणि ते आपणहून भरपूर येत नाहीत, वरचं कापलं म्हणजे येतात. म्हणून मदुराईकडे नोव्हेंबरच्या अखेरीला झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देतात आणि मग जमिनीपासून साधारण ५० सेंटिमीटरवर सरसकट छाटतात. वाळकं, रोगट, आडवं-तिडवं वाढलेलं सगळं काढतात. पानंही ठेवत नाहीत. मग खत, मग पाणी. फेब्रुवारीच्या उन्हाबरोबर झाड नव्याने फुटतं आणि मार्चपासून कळी सुरू होते ती ऑगस्टपर्यंत.

हे झालं शास्त्र. पण छाटलेल्या झाडाखालची जमीन तीन महिने काही देत नाही, आणि हे तीन महिने भावाचे. म्हणून या जोडप्याने अर्धाच मळा छाटला होता. उरलेला अर्धा जानेवारीपर्यंत राखायचा, पोंगलच्या बाजारात रोज जे काही थोडंफार निघेल ते विकायचं, आणि त्यातून धाकट्याच्या कॉलेजची फी भरायची. त्या अर्ध्या भागाचा उन्हाळी बहर मग उशिरा येणार आणि कमी येणार, हे दोघांना ठाऊक होतं. काही शेतकरी छाटणी सप्टेंबरातच उरकून थंडीत कळी मिळवायचा प्रयत्न करतात. पण ऐन पावसात कोवळा फुटवा आला तर तो सांभाळणं कठीण. यात सगळ्यांना लागू पडणारं उत्तर नाही. दरवर्षी नव्याने पैज लावायची.

तोडणीचं काम त्याहून अवघड. पहाटे तीन-चार वाजता कपाळाला विजेरी बांधून बायका मळ्यात उतरतात. आज उमलणारी कळी कोणती आणि उद्याची कोणती, हे त्यांना अंधारात बोटांना कळतं. आजची पांढरीशुभ्र आणि फुगीर, उद्याची किंचित हिरवट आणि टणक. उद्याची कळी तोडली तर ती गजऱ्यात उमलत नाही. आजची सुटली तर वाया गेली. किलोभर व्हायला हजारो कळ्या लागतात आणि मजुरी मिळते ती किलोवर. बाईंची मोठी मुलगी शहरात नोकरीला लागली आहे. ती काही आता पहाटे विजेरी बांधायची नाही आणि बाईंना त्याचं वाईट वाटताना दिसलं नाही. पण तोडायला माणूस मिळत नाही ही तक्रार मात्र त्यांनी तीनदा केली. पावसात, धुक्यात, सणाला, घरात आजारपण असलं तरी झाड थांबत नाही.

आणि माल जास्त झाला की? तेव्हा अत्तराचे कारखाने घेतात, पडेल भावाने. तिथली तऱ्हा बाजाराच्या नेमकी उलटी. बाजाराला मिटलेली कळी हवी, कारखान्याला उमललेली. कळ्या पसरून ठेवतात, संध्याकाळी त्या उमलून वास सोडू लागल्या की रात्री अर्क काढायला घेतात. शेकडो किलो फुलांतून किलोभर अर्क निघतो आणि तो दूरदेशीच्या अत्तरांत जातो.

मळ्यात एक गोष्ट आणखी पाहिली आणि ती घरोघरच्या वाचकांना सांगायलाच हवी. बांधावर औषधफवारणीचा पंप होता. मोगऱ्याच्या कळीत अळी शिरते, एक बारीक माशी कळीतच अंडी घालते, मग कळी जांभळट पडून गळते. ती वाचवायला शेतकरी फवारतो, त्याचा नाइलाज आहे. गजऱ्यासाठी ठीक. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पिण्याच्या माठात मोगऱ्याची फुलं टाकायची जुनी सवय आहे. त्यासाठी बाजारातली फुलं वापरू नका. माठात टाकायची ती घरच्या, न फवारलेल्या झाडाची.

तुमच्या गॅलरीतला मोगरा

घरच्या झाडाचं बोलायचं तर आमच्या कचेरीत येणाऱ्या पत्रांत एक तक्रार ठरलेली. 'मोगऱ्याचं झाड छान वाढलंय, पानं हिरवीगार आहेत, पण फूल नाही. खत कोणतं घालू?' मदुराईचा मळा पाहून आल्यावर माझं उत्तर बदललंय. खत राहू द्या, आधी ऊन किती तास येतं ते मोजा.

मोगरा हे उन्हाचं झाड. त्याला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि त्याहून जास्त मिळालं तर तो तक्रार करत नाही. मदुराईच्या मळ्यात सावलीला एक झाड नव्हतं. आपण मात्र फ्लॅटच्या उत्तरेच्या गॅलरीत, ग्रिलच्या आत, वर वाळत घातलेल्या कपड्यांच्या छायेत कुंडी ठेवतो. उजेड भरपूर आहे की, असं म्हणतो. उजेड आणि ऊन यांत फरक आहे. सावलीतला मोगरा मरत नाही, तो वेलासारख्या लांब, बारीक फांद्या फेकत उन्हाच्या शोधात निघतो. हिरवागार दिसतो, पण त्याला कळी धरत नाही. दक्षिणेची किंवा पश्चिमेची गॅलरी असेल तर उत्तम, पूर्वेची चालेल. यांपैकी काहीच नसेल तर गच्चीवर हलवा. तेही शक्य नसेल तर मोगऱ्याचा हट्ट सोडावा आणि सावलीत रमणारं एखादं पानांचं झाड लावावं, हे माझं स्पष्ट मत.

दुसरी गोष्ट कात्री. आपण पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड अर्ध्यावर कापायचं म्हणजे हात थरथरतो. पण बारा इंची कुंडीतलं झाड वर्षातून एकदा गुडघ्याच्या खाली आणलंच पाहिजे. महाराष्ट्रात, गोव्यात, हैदराबाद-बंगळूरकडे डिसेंबर ते मध्य जानेवारी हा काळ बरा. दिल्ली, भोपाळ, इंदूर, लखनौकडच्या वाचकांनी मात्र घाई करू नये. तिकडच्या कडाक्यात कोवळा फुटवा करपतो, म्हणून थंडी ओसरू लागल्यावर, जानेवारीच्या अखेरीला किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला छाटावं. छाटणीआधी आठवडाभर पाणी कमी करा. मळ्यात ते अगदी तोडतात, पण कुंडीत माती थोडी, तिथे झाडाने मान टाकेपर्यंत ताणू नका. छाटल्यावर उरलेली पानं काढून टाका. मग वरची दोन-तीन इंच माती उकरून तिच्या जागी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर हाडांचा चुरा घाला. नंतर पहिला बहर ओसरला, की प्रत्येक फुललेली फांदी दोन-तीन पेरं कापत जा. तेवढ्याने पुन्हा फुटवे येतात आणि दुसरा बहर मिळतो.

खताचं म्हणाल तर जास्त नत्र म्हणजे जास्त पानं. युरियाची चिमूट आणि रोजचा चहाचा चोथा यांनी झाड गलेलठ्ठ होतं, फुलत नाही. मदुराईकडच्या शेतकऱ्यांना कृषी विद्यापीठ जी मात्रा सांगतं, तीत दर झाडाला वर्षाला ६० ग्रॅम नत्र, तर स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १२० ग्रॅम, म्हणजे नत्राच्या दुप्पट. ही मात्रा मळ्यातल्या मोठ्या झाडाची, कुंडीला एवढी देऊ नका. प्रमाण तेवढं ध्यानात ठेवा.

पाणी उन्हाळ्यात रोज, कळी धरल्यावर तर चुकवू नये. पण मुळाशी पाणी तुंबलेलं मोगऱ्याला खपत नाही. मूळ कुजतं आणि झाड एका आठवड्यात माना टाकतं. कुंडीत दोन भाग लाल माती, एक भाग खत, एक भाग जाड वाळू असं मिश्रण असावं आणि कुंडी ताटलीत ठेवून ती ताटली भरलेली राहू देऊ नये. मुंबई-कोकणच्या पावसात कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात.

पानं पिवळी पडून शिरा मात्र हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडतंय असं समजा. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. पानं धुरकट, खरखरीत दिसली आणि उलट्या बाजूला बारीक जाळी असली तर तो लाल कोळी. कडक, कोरड्या हवेत तो हमखास येतो. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारावा आणि मग निंबोळी तेल. जांभळट पडलेल्या कळ्या दिसतील तशा खुडून कुंडीत न टाकता घराबाहेर टाकाव्यात. बस्स, घरी एवढं पुरतं. कीटकनाशकांच्या बाटल्या आणण्याची गरज नाही.

रोपं येतात कुठून?

उसिलमपट्टीच्या त्या बाईंना मी निघताना विचारलं, की तुम्ही रोपं घरीच करता का? त्यांनी हात पूर्वेकडे केला. तंगच्चिमडम्! मदुराईच्या मळ्यांतला मोगरा मुळात रामेश्वरच्या बेटावरून येतो, असं मी ऐकून होते. आता खात्रीच करायची म्हणून दुसऱ्या दिवशी बस पकडली.

मदुराई ते रामेश्वर साधारण १७० किलोमीटर. परमकुडी, रामनाथपुरम् करत बस पांबनला पोचते आणि १९८८ साली सुरू झालेल्या रस्त्याच्या पुलावरून समुद्र ओलांडते. शेजारी दोन रेल्वेपूल. जुना १९१४ चा, त्यावरची गाडी २०२२ च्या डिसेंबरात बंद झाली. नवा एप्रिल २०२५ मध्ये खुला झाला. बसमधले सगळे भाविक तो पाहायला एका बाजूला झुकतात. पूल संपला की रामेश्वरच्या अलीकडे तंगच्चिमडम् लागतं. यात्रेकरू इथे उतरत नाहीत. मी उतरले तेव्हा कंडक्टरने दोनदा खात्री करून घेतली.

नारळ, ताड आणि पांढरी वाळू. या वाळूत वाफे आणि वाफ्यांत बोटाबोटाच्या अंतरावर खोचलेल्या मोगऱ्याच्या काड्या, वीतभर लांब. हजारोंच्या संख्येने. तीन-चार महिन्यांत त्यांना मुळं फुटतात. जमीन एवढी भुसभुशीत, की रोप उपटताना मूळ तुटत नाही. काळ्या मातीत हेच करायला गेलं तर अर्धी मुळं मातीतच राहतील. बायका वाफ्यात बसून रोपं उपटतात, वाळू झटकतात, मोजून जुड्या बांधतात. मातीचा गोळा नाही, पिशवी नाही. नुसती मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळली, की ती जुडी मदुराई, दिंडिगल, विरुधुनगरच्या मळ्यांत जाते. तिथे फूटभर लांब-रुंद-खोल खड्ड्यात, शेणखत घालून तिची लागण होते आणि पुढची दहा-पंधरा वर्षं ती पहाटे माणसं उठवते.

रामनाथपुरमच्या या गुंडुमल्लीची रोपं मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांतही 'मदुराई मोगरा' अशा चिठ्ठीने मिळतात. ती खरी की खोटी हे पानावरून सांगता येत नाही, फूल आल्यावर कळी गोल आणि नळी लांब निघाली तर समजायचं. पण रोप खरं असलं तरी मदुराईचं ऊन आणि तिथली लाल माती चिठ्ठीबरोबर येत नाही. आणि गुंडुमल्लीवाचून आपलं अडतंय असंही नाही. पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगड-जव्हारकडचे आदिवासी शेतकरी मोगरा पिकवून दादरच्या फूलबाजारात पाठवतात, त्याचा गजरा काही कमी घमघमत नाही. घराजवळच्या रोपवाटिकेतला, तुमच्या हवेला रुळलेला बटमोगरा किंवा मदनबाण लावलात तरी चालेल. किंवा शेजारणीकडे छाटणी चालली असेल तेव्हा पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार काड्या मागून आणा, खालची पानं काढा, ओल्या वाळूत खोचा आणि मुळं धरेपर्यंत तेवढं ऊन चुकवा.

वाचकांपैकी कुणाला मदुराईला जायचं असेल तर चेन्नईहून दिवसा वैगई एक्स्प्रेस आणि रात्री पांडियन एक्स्प्रेस सोयीची आहे. मळे कळ्यांनी भरलेले पाहायचे तर मार्च-एप्रिल. तेव्हा ऊन सोसायची तयारी हवी, पण चित्तिरै उत्सवात मीनाक्षीचं लग्नही पाहायला मिळतं. छाटणी पाहायची तर नोव्हेंबरची अखेर. मंदिरात मोबाइल आणि कॅमेरा नेऊ देत नाहीत, तो आधीच ठेवून जावा. आणि मट्टुतावणीच्या बाजारात नऊच्या आत पोचावं. नंतर खोकी भरून निघून गेलेली असतात आणि उरतो तो ओला पाचोळा, आणि त्यात चरणाऱ्या शेळ्या.